थापी तिच्या हातात होती

त्याच्या दोन्ही हातांत चहाचे कप होते, म्हणूनच लिफ्टमध्ये त्यानं तिचं सगळं निमूट ऐकून घेतलं असावं. वर्तमानपत्राच्या डेस्कवरच्या कोणीतरी तिच्या बातमीला कात्री लावली होती. पाण्याच्या बैठकीत बायकांनी मागण्या मांडल्या, असं तिनं लिहिलेलं. छापून आलं ते बायकांनी गाऱ्हाणी गायल्याचं. पुरुषांच्या त्या मागण्या आणि बायकांचं ते रडगाणं, असं वाटतं का त्या शहाण्याला? दार उघडलं, तेव्हा त्या अनोळखी माणसानं एक कप तिच्यापुढे धरला.

“तो शहाणा मीच,” तो म्हणाला. “चहा घ्या... भांडण अजून अर्धंच झालंय.”

तिनं त्याचं नाव कात्री पाडलं. त्यानंही नेम केला – तिचा शब्द बदलायचा तर आधी तिला फोन. ती रस्ते, पाणी, दवाखान्यांच्या बातम्यांसाठी गावोगाव फिरायची. फोन एका शब्दासाठी यायचा आणि बोलणं रेंगाळायचं. कधी तर बदलायचं काहीच नसे. “स्वल्पविरामाबद्दल विचारायचं होतं,” तो म्हणायचा, आणि ती बसच्या खिडकीशी एकटीच हसायची. तो तिला आवडायला लागला होता, आणि हे ती स्वतःपासून लपवतही नव्हती.

मग डोंगराकडच्या एका गावात पाण्याची टाकी बांधता बांधताच कोसळली. गवंडीकाम शिकून गावातल्या बायकाच ती बांधत होत्या. वर गिलावा करणारी गवंडीण गेली, तिला माल पुरवणारा तिचा नवराही गेला. ढिगाऱ्याजवळ उभं राहून तिनं बातमी पाठवली, फोनवर कात्रीजवळ रडली आणि परतीच्या बसमध्ये तिचा डोळा लागला.

सकाळी पहिल्या पानावर मथळा होता, ‘टाकी कोसळून गवंडी व पत्नी ठार’.

टाकीच्या ठेकेदारानं तेच पान पाणीपुरवठ्याच्या साहेबांपुढे धरलं. बाई नवऱ्याचा डबा घेऊन वर चढली होती, तिथं बायकांचं कामच काय, असं तो म्हणाला. साहेबांनी उरलेल्या गवंडिणींना कामावरून बंद केलं.

ती पुन्हा गावात गेली. नको म्हटलं तरी कात्री सोबत आला. गेलेल्या बाईची आई दारात बसली होती, शेजारी सिमेंट लागलेली थापी. तिनं दोघांना पाणी दिलं.

“लोक हसायचे, तरी लेकीनं थापी सोडली नाही,” ती म्हणाली. “आणि तुम्ही, बाई, ती मेल्यावर जावयाच्या हातात दिलीत.”

“यांनी नाही, मावशी... मी,” कात्री म्हणाला. “यांनी बरोबर लिहिलं होतं. मला वाटलं, गवंडी म्हणजे पुरुषच असणार.”

म्हातारीनं थापी उचलून मांडीवर घेतली.

बसथांब्यावर दोघं पोचली. मग तिनं विचारलं, “फोन का नाही केलास?”

“तुझा आवाज बसला होता. झोपली असशील... तुझ्यावर जीव आहे माझा. उठवायचा धीर झाला नाही.”

किती दिवस ती या वाक्याची वाट पाहत होती, आणि आलं ते असं. तिला हुंदका फुटला.

“मी कामावर होते, कात्री,” ती म्हणाली. “तीपण.”

दुसऱ्या दिवशी त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत खुलासा आला – गवंडी ती होती, चूक माझी, आणि खाली त्याचं नाव. संपादकांनी पहिलं पान त्याच्याकडून काढून त्याला आतली पानं दिली. बायकांना मात्र कामावर कोणी बोलावलं नाही.

पुढच्या खेपेला त्याच गावाहून परतताना ती बसमध्ये डुलकी घेत होती. फोन वाजला.

“झोपली होतीस?”

“हो.”

“एक विचारायचं होतं. बायका टाकीजवळ बसून आहेत, असं लिहिलंयस. थकून... की कामासाठी अडून?”

“अडून. थाप्या हातात आहेत सगळ्यांच्या.” तिनं डोळे पुसले. “आणि मला असंच उठवत जा... जन्मभर.”



“यातला एकही शब्द बदलत नाही,” तो म्हणाला.