बिनसाबणाचं तेल

टिनेका आणि योरीन एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून थेंब पाडायच्या. एन्सखेडे शहरातल्या त्या प्रयोगशाळेचं कामच ते. बोटभर काचेत केसासारख्या बारीक वाटा कोरलेल्या. दोन वाटांनी दोन औषधं यायची, बाजूच्या वाटांनी तेल, आणि चौकात तेल असा चिमटा काढायचं की दोन्ही औषधं पोटात घेऊन एक थेंब सुटायचा. मग दुसरा, मग तिसरा, सगळे एका मापाचे. म्हणजे योरीनचे. टिनेकाचा एक जाडा तर एक रोडका.

कायमची नोकरी एकच होती. टिनेका इथे वर्षानुवर्षं झिजलेली, योरीन परवा आलेली. प्रयोगशाळेचे प्रमुख हार्मेन दुपारी दोघींचे थेंब बघून नाव सांगणार होते.

"तुझा हात फार दाबतो गं," योरीन म्हणाली. "जरा हळू सोड ना. दाखवू का?"

"दाखव बाई! तूच राहिली होतीस मला शिकवायची."

योरीन हसली. हसली की गालाला खळी पडायची, आणि टिनेकाला त्या मेल्या खळीचाही राग यायचा. दुसऱ्याचं चांगलं बघून पोटात दुखतं म्हणतात, तर तिचं खरोखरच दुखत होतं.

जेवायला सगळे पाव-चीजचे डबे घेऊन वर गेले. टिनेका मागे राहिली. तेलात एक खास साबण घालावा लागतो. तो थेंबाभोवती कवच धरतो, म्हणून थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. तिने योरीनची तेलाची बाटली टाकाऊ तेलाच्या कॅनमध्ये रिकामी केली आणि बिनसाबणाचं तेल भरून ठेवलं. घाईत हातमोजे घालायचे राहिले. साबणाचं तेल मनगटापर्यंत ओघळलं. तिने ते पुसलं आणि वर जाऊन निवांत पाव खाल्ला.

दुपारी योरीनचे थेंब सुटले, बशीत जमले. टिनेका सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. आता दोन मिसळतील, मग चार, मग सगळा चिखल.

मिसळले नाहीत.

तिने बशी हलवली, टिचकी मारली. थेंब एकमेकांना खेटून गुमान बसून राहिले.

"बघितलंस, किती गुणी आहेत?" योरीन म्हणाली.

हार्मेननी बघितलं, मान डोलावली आणि "नोकरी तुझी" म्हणत योरीनचा हात हातात घेतला. टिनेकाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक कॉफीच्या यंत्राकडे गेली, कपात दूध ओतलं.

दूध कॉफीत मिसळलं नाही. एकसारखे पांढरे मणी होऊन वर तरंगत राहिलं. नासलं असेल, म्हणून तिने कप ओतून दिला.

घरी पेल्यावर पेले पाणी प्यायली. तहान भागेना.

सकाळी भुरभुर पावसात सगळे सायकली हाणत आले. खुंट्यांवरचे कोट निथळत होते. टिनेकाचा कोरडा होता. तिने नळाखाली हात धरला. पाणी मणी-मणी होऊन घरंगळलं. हात बाहेर काढला, कोरडा ठणठणीत. दुसराही धरला. चेहऱ्यावर पाणी मारलं.

कोरडा.

"टिनेका! ये ना गं, तुझ्यासाठी केक अडलाय!" योरीनने स्वयंपाकघरातून हाक मारली.

आनंदाची बातमी ज्याची, केक त्याने आणायचा, ही तिथली रीत. स्वयंपाकघर खच्चून भरलं होतं. माणसं एकमेकांच्या खांद्याला घासत, बशीवर बशी आपटत होती. टिनेका आत शिरली. तिला कोणाचाच धक्का लागला नाही. ती जाईल तिथे चहूबाजूंनी बोटभर जागा सुटत होती.

"सांगून टाकू हिला," तिच्या मनात आलं. पण योरीनने आधीच हात पसरले होते. तिथे अभिनंदनाचे तीन मुके घ्यायचे असतात. टिनेकाने गालाला गाल लावला. एकदा, दोनदा, तीनदा.

"अगं बाई, कसलं क्रीम लावतेस?" योरीन हसत म्हणाली. "गाल नुसता तेलकट केलास की माझा!"

योरीन रुमालाने गाल पुसत राहिली. टिनेकाला त्या गालाची ऊब लागलीच नव्हती.