थेओडुलची झडप

मेंब्रिजोच्या फळांचा गर मुरंब्यासाठी तांब्याच्या पातेल्यात रटरटत होता आणि नेलिदा इम्बोडेन लांब पळीने तो ढवळत होती, तेव्हा अंगणाचं फाटक उघडलं. नेलिदाने पळी थांबवली. त्या फाटकाची कडी आधी वर उचलून मग ओढावी लागते. परका माणूस हमखास खडखडाट करतो. आज खडखडाट झाला नाही.

“मावशी, पाहुणा आणलाय!” भाचा ओमार पुढे, मागे एक उंच, दाढी पिकलेला गृहस्थ. “यॉस्ट इम्बोडेन. थेट स्वित्झर्लंडहून. आपल्या पूर्वजांचा माग काढत आलेत.”

“फाटक तू उघडलंस?”

“नाही, यांनी. का?”

“काही नाही. या, आत या.”

पाहुणा स्वयंपाकघराच्या दारातून आत आला आणि येताना चांगला वाकून आला. नेलिदा बघतच राहिली. दार उंच होतं. पूर्वी तिथे काजळी धरलेली बुटकी चौकट होती, येणाऱ्याजाणाऱ्याचं कपाळ फोडणारी. पण आजोबांनी ती कधीच काढून टाकली होती. नेलिदाने स्वतःसुद्धा ती पाहिलेली नव्हती.

यॉस्ट मृदू बोलायचा, शब्द जपून वापरायचा. “आमचे पणजोबा तिकडेच राहिले, बाई. त्यांचे दोघे भाऊ समुद्र ओलांडून इकडे आले. आंतोन आणि थेओडुल.”

“आंतोन माझे पणजोबा. हे घर त्यांचंच. थेओडुलना इथे करमेना, ते परत गेले.”

“नाही आले ते परत. त्यांची आई शेवटपर्यंत वाटेकडे डोळे लावून होती.”

ओमारने नळीने माते चहा ओढता ओढता डोळा मिचकावला. “घ्या! आता थेओडुलचा अर्धा वाटा निघणार, मावशी. कोंबड्यांसकट!”

नेलिदा हसली नाही. शाळेतली नोकरी संपली, नवरा गेला, आता हे घर तेवढं उरलं होतं. याच घरात ती जन्मली आणि याच घरात डोळे मिटायचे, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं.

“मला काही नको,” यॉस्ट घाईने म्हणाला. “आजीला शब्द दिला होता, थेओडुलचं काय झालं ते शोधेन म्हणून. तेवढंच.”

तो पंपावर हात धुवायला गेला तेव्हा नेलिदा खिडकीशी उभी राहिली. अंजिराच्या झाडापासून पंपापर्यंत सरळ पायवाट होती. यॉस्ट मध्येच डावीकडे वळला, मोकळ्या गवताला वळसा घालून पलीकडे गेला. तिथे कधीकाळी पावाची भट्टी होती, असं तिची आई सांगायची.

“तुम्ही इथे आधी आला होतात?” तो परतल्यावर तिने विचारलं.

“नाही बाई. का हो?”

त्याच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. तेच तिला खटकलं.

मग त्याने मागची खोली बघायला मागितली. आत गेल्यावर पलंगामागच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. तिथे, छातीच्या उंचीवर, एक लहानशी लाकडी झडप होती. जुन्या माणसांची रीत नेलिदाला ठाऊक होती. घरात कुणी गेलं की अशी झडप उघडायची, जीव बाहेर पडला की तो परत आत येऊ नये म्हणून लगेच लावून घ्यायची. तिच्या घरच्या सगळ्या माणसांनी पुढच्या खोलीत प्राण सोडले, त्यांचे जीव तिथल्या झडपेतून गेले.

ही झडप खिळे ठोकून बंद केलेली होती.

“वारा आत येऊ नये म्हणून,” नेलिदा म्हणाली. लहानपणापासून ती हेच ऐकत आली होती.

यॉस्टने खिळ्यांवरून बोट फिरवलं. “झडप आमच्याकडे घरोघरी असते, बाई. खिळे कुणी ठोकत नाही.” जरा थांबून म्हणाला, “उघडूया का?”

“नाही.”

रात्रभर तिच्या मनात घोळत राहिलं. हा माणूस खोटा आहे का? की आंतोन पणजोबाच खोटं बोलले, आणि थेओडुल त्या मागच्या खोलीतच वारले?

रविवारी पाद्री सेल्सोंनी नेहमीसारखं प्रवचन गाऊन सांगितलं. गिटारीवर सूर धरायचा, दोन वाक्यं बोलायची, तिसरं गायचं, आणि साऱ्या देवळाने ते झेलायचं. नेलिदा त्याच्यासाठीच आठवडा काढायची. त्या दिवशी पालुपद होतं, “दार उघडं ठेवा गं, कुणी यायचं राहिलंय.” म्हाताऱ्या बायका डोळे पुसत गात होत्या. नेलिदाही त्यांच्यासोबत गात होती. शेवटच्या बाकावर यॉस्ट मान खाली घालून बसला होता. एका आईचा जीव तिकडे तळमळत गेला आणि आपण चार खिळ्यांसाठी अडून बसलो, असं तिला वाटलं.

“चला,” बाहेर पडताना ती त्याला म्हणाली. “काय ते उघडून बघू.”

भर दुपार. ओमारने पकड आणली. नेलिदाने मेणबत्ती लावून झडपेखाली ठेवली, प्रार्थना म्हटली.

खिळे कुरकुरत निघाले. शेवटचा निघाला तशी झडप आपोआप उघडली.

बाहेर पान हलत नव्हतं.

जीव जाताना ज्योत बाहेर झुकते, असं आजी सांगायची.

ज्योत आत झुकली. खोलीकडे. नेलिदाकडे.

“लावा!” यॉस्ट ओरडला. तिने झडप लावली.

खोलीत ओल्या गवताचा वास होता. यॉस्टच्या चेहऱ्यावर रंग आला होता, खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखा. त्याने कॉफी नाकारली, तिचे हात हातात घेतले आणि निघाला.

स्वयंपाकघराच्या दारातून तो ताठ मानेने गेला. फाटकाशी मात्र अडला. कडी खडखडवत राहिला. शेवटी ओमारने उघडून दिली.

“बघा मावशी, उगाच घाबरलात,” ओमार परत येऊन म्हणाला. “गेला बिचारा. घर तुमचं तुम्हाला.”

“हो,” नेलिदा म्हणाली आणि अंजिरं काढायला टोपली घेऊन अंगणात गेली. परतताना टोपली भरलेली होती, मन हलकं होतं. दारातून आत आल्यावर तिच्या ध्यानात आलं, आपण वाकून आलो.

वेडेपणा, तिने स्वतःला दटावलं. टोपली खाली ठेवली. पुन्हा बाहेर गेली. मान मुद्दाम ताठ केली आणि आत पाऊल टाकलं.

कपाळात कळ गेली.

तिने वर पाहिलं. हातभर मोकळी जागा होती. कपाळावर बोटं फिरवून तिने ती उजेडात धरली.

बोटांना काजळी लागली होती.