हल्ला शिकवणारी बंडी

"रविवारच्या स्पर्धेचा कप घरात कुठं ठेवायचा, तेवढंच ठरायचं राहिलंय," असं वामनराव हुपरीकरांनी पहिल्याच शिकवणीला जाहीर केलं. तीस वर्षं स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते ते. सोळा सोंगट्या हलवणं म्हणजे फलाटावर सोळा गाड्या लावणं, असा त्यांचा हिशेब. दहा खेळ्यांत मात करतो म्हणाले. सहाव्या खेळीला वजीर मारला गेला आणि त्यांची जीभ बधिर झाली.

२०३८ साली इचलकरंजीच्या त्या बुद्धिबळ वर्गात नवशिक्यांना उंच कॉलरची एक बंडी घालायला लावत. नवशिक्याला सोंगटी गेल्याचं काही वाटतच नाही, ही त्याची खोड मोडायला ती काढलेली. सोंगटी गेली की बंडी अंगाच्या एका भागाकडून मेंदूकडे जाणारे निरोप अडवायची. तो भाग हलायचा, पण जाणवायचा नाही. घोडा गेला की गुडघा, उंट गेला की कंबरेची एक बाजू, हत्ती गेला की खांदा. प्यादी आठ, म्हणून पायाची बोटंही आठच, करंगळ्या शिल्लक. वजीर गेला की जीभ. राजा म्हणजे डोकं. ते बधिर करायची सोय अजून निघाली नव्हती, आणि बऱ्याच जणांना तिची गरजही नव्हती.

बधिर जिभेवर वामनरावांनी उकळता चहा ओतला. डाव संपला, बंडी बंद झाली, तेव्हा कुठं भाजल्याचं कळलं.

"काका, एकट्या वजिराला पाठवलंत तुम्ही," शिकवणारी ऋजुता शेडबाळे म्हणाली. "आधी घोडे, उंट बाहेर काढा. राजाला किल्लेकोट करून कोपऱ्यात सुरक्षित बसवा. त्यांच्या राजाला राखायला दोघं असतील, तर आपण तिघांनी जायचं."

हे त्यांना पटलं. जत्रेची गर्दी एका गाडीनं उठत नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांचे दोन्ही घोडे गेले. गुडघे न कुरकुरता ते खिडकीपर्यंत जाऊन आले आणि घरी येऊन तेच सांगत बसले. त्यांच्या बायकोनं, नलिनीबाईंनी, भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं. तीन वर्षं त्यांचा उजवा खांदा ठणकत होता. रात्री त्या बसूनच झोपत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात नाव घातलं, अकराव्या खेळीला उजवा हत्ती देऊन टाकला आणि दोन तास डोळे मिटून बसून राहिल्या.

आठवड्यात सगळ्या गल्लीची सांधेदुखी वर्गात येऊन बसली. हल्ला कुणालाच शिकायचा नव्हता. एक गृहस्थ समोरच्याला हात जोडून म्हणायचे, माझा तेवढा डावा उंट मारा हो. अडचण एवढीच की बंडीचा परवाना खेळाचा होता, उपचाराचा नव्हता. स्पर्धेचा दिवस सोडला तर माणशी दिवसाला एकच डाव, आणि डाव संपला की बंडी बंद. त्यामुळे लवकर मात करणं हा असभ्यपणा ठरला. वामनराव तेवढे हल्ले करत राहिले, आणि त्यांना कुणी चहा विचारेनासं झालं.

रविवारी ते अंतिम फेरीत पोचले. समोर नलिनीबाई. त्यांच्याशी खेळणारे दोघंही डाव चालू असताना झोपी गेले आणि बाद ठरले होते.

नलिनीबाईंनी सोंगट्या हळदीकुंकवाला वाटावं तशा वाटल्या. उरला फक्त राजा. इकडे वामनरावांचं सैन्य पहिल्यांदाच शहाण्यासारखं, एकमेकांना धरून पुढं गेलेलं. एका खेळीत मात होती. ती त्यांना दिसली. दिसली याचंच त्यांना नवल वाटलं. ऋजुतानं लांबून होकारार्थी मान डोलावली. टेबलावर कप होता.

त्यांनी बायकोकडं पाहिलं. खांदा सैल पडला होता. भुवयांमधली आठी गेली होती. ती कायमची आहे असं ते धरून चालले होते.

"वेळ आहे ना अजून?" नलिनीबाईंनी जड जिभेनं विचारलं.

"आहे," वामनराव म्हणाले. "बस निवांत."

हल्ला कसा न्यायचा, ते सगळं शिकवून झालं होतं. पण पोचल्यावर थांबायचं कसं, हे कुणाला विचारायचं?

मात करायची नाही, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळपर्यंत डाव चालवायचा. कुणाला काही होणार नाही अशा बेतानं त्यांनी वजीर एक घर बाजूला सरकवला.

ऋजुतानं डोळे मिटून घेतले.

नलिनीबाईंच्या राजाला शह नव्हता, पण जायला एकही घर उरलं नव्हतं. हलवायला दुसरी सोंगटी नव्हतीच. असा डाव नियमाप्रमाणे तिथंच बरोबरीत संपतो. चार वाजून दहा मिनिटांनी दोन्ही बंड्या आपोआप बंद झाल्या.