आजीचा खोका

शटर अर्धं खाली घ्या आणि बसा. दिवा असू द्या. काळोख करून गोष्ट सांगायची मला हौस नाही, आणि ही गोष्ट दिव्यातसुद्धा तेवढीच अंगावर येते. कोणाकडून ऐकली तेही आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मध्येच ‘कशावरून’ असं विचारायला नको. आपल्या शेजारच्या गाळ्यात चष्मेवाला होता. तुमच्यातल्या दोघांचे नंबर त्यानेच काढलेत. गिऱ्हाइकाने समोरची अक्षरं खरोखर वाचली की अंदाजाने ठोकली, हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. असा माणूस स्वतः थापा मारत नाही. त्याच्या घरी घडलेली ही गोष्ट आहे.

चष्मेवाल्याने घर बदललं. जुनं घर गल्लीत, तळमजल्यावर, एकामागे एक अशा तीन खोल्या. नवीन घर पुलापलीकडे, चौथ्या मजल्यावर, दोनच खोल्या, पण उजेड भरपूर. माणसं तीन. तो, त्याची बायको आणि सात वर्षांची मुलगी. मुलीचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण अंगाने किरकोळ म्हणून घरात सगळे तिला बारकी म्हणायचे. चौथी होती चष्मेवाल्याची आई. ती आदल्या वर्षी, जुन्या घरातल्या मागच्या खोलीत वारली. शेवटची दोन वर्षं ती पलंगावरच होती आणि बारकी तिच्याच कुशीत झोपायची. म्हातारीने आयुष्यभर एका कापडाच्या पेढीवर पार्सलं बांधली होती. बोटांत दम नव्हता तेव्हाही पोरीच्या फ्रॉकची नाडी अशी बांधायची, की आईला कात्री घ्यावी लागायची.

आता चष्मेवाल्याची बायको. बाई हुशार, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला, बोलायला गोड पण हिशेबाला पक्की. तिने कुठेतरी वाचलं की घरातलं सामान निम्मं केलं की डोक्याची कटकट निम्मी होते. वर्षभरात ज्या वस्तूला हात लागला नाही, ती घराबाहेर. मी चेष्टेने विचारलंसुद्धा, की वहिनी, नवरा वर्षभर उपयोगी पडला नाही तर काय करणार? म्हणाली, भावजी, तुमच्याकडे पाठवीन, भंगारात चांगला खपेल.

पण खोटं कशाला बोलू, तिचं खरं होतं. फुटके कप, तीन मोडके पंखे, कुलपं हरवलेल्या किल्ल्या, झाकणं नसलेले डबे, डबे नसलेली झाकणं. सगळं निघालं तसं घर श्वास घ्यायला लागलं. दोघांची रोजची भांडणंही कमी झाली. हे कुठे ठेवलं आणि ते कुठे गेलं, यावरच निम्मी भांडणं व्हायची ना.

शेवटी तिने एक नियम काढला. माणशी एक खोका. ज्याच्याशिवाय चालणारच नाही, ते ज्याने त्याने आपापल्या खोक्यात ठेवायचं. त्यावर कोणी वाद घालायचा नाही आणि दुसऱ्याच्या खोक्याला कोणी हात लावायचा नाही. खोक्यात बसलं ते आपलं, उरलं ते गेलं.

म्हातारीचं सामान मीच उचललं. तो माझा धंदाच आहे. पलंग, पत्र्याची पेटी, चालायची चौकट, पांघरुणं. टेंपोत माल चढत होता तेव्हा बारकी दाराशी उभी होती. तिने आईला विचारलं, आजीला काय ठेवलं? आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, आजीला आता काही लागत नाही, राणी.

पोरीला ते पटलं नाही. घर सोडायच्या दिवशी संध्याकाळी तिने एक रिकामा खोका शोधला, त्यावर जाड पेनाने ‘आजी’ असं लिहिलं, तो ढकलत ढकलत मागच्या खोलीत नेला आणि पलंगाच्या जागेवर ठेवला. सगळ्यांच्या देखत त्या मोकळ्या खोलीला म्हणाली,

“आजी, तुला ज्याच्याशिवाय चालतच नाही, तेवढंच यात ठेव. बाकीचं आई टाकून देते.”

सगळे हसले. चष्मेवाला तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग त्याने बत्ती मालवली. रिकामा खोका चार मजले कोण चढवणार, म्हणून तो तिथेच राहिला.

शनिवारची रात्र. अमावास्या वगैरे काही नव्हती, उगाच भर घालत नाही. चांगलं टिपूर चांदणं होतं. नव्या घरात लिफ्ट बंद, म्हणून पेंगुळलेल्या बारकीला त्याने खांद्यावर टाकून वर नेलं. चौथ्या मजल्यापर्यंत त्याच्या दंडाला रग लागली. पोरीला गादीवर टाकलं तर तिने अर्धवट डोळे उघडले, आजीचा खोका आणला का म्हणून विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत झोपली.

बायको म्हणाली, जाऊन घेऊनच या. सकाळी उठल्यावर रडून घर डोक्यावर घेईल. आणि पाण्याचा मुख्य नळ बंद केलाय का तेही बघा, उद्या घराचा ताबा द्यायचाय. काम एवढंच. स्कूटर काढली, पूल ओलांडला. दहा वाजून गेले असतील. गल्लीत अजून एका घरात टीव्ही चालू होता.

कुलूप उघडून तो आत गेला. सामान गेलं की घर मोठं वाटतं, पण मोठं वाटणं वेगळं आणि हे वेगळं. त्याच्या चपलेचा आवाज पुढे जायचा आणि थोडा उशिरा परत यायचा. त्याने नळ बघितला. बंदच होता. मग मागच्या खोलीची बत्ती लावली.

खोका जागेवर होता.

पण बंद होता.

त्याला नीट आठवत होतं, पोरीने खोका उघडा ठेवला होता. आता चारही बाजू दुमडून वरून सुतळी आवळलेली. उभी, आडवी, परत उभी. मधोमध गाठ. तो मनाशी म्हणाला, बायकोने बांधला असेल. ती कामच तसं करते. पण बायको गाठ मारत नाही, चिकटपट्टी लावते. हेही त्याला तेव्हाच आठवलं.

तो वाकला. दोन्ही हात खाली घातले आणि उचलला.

उचलला तसाच खाली ठेवला.

खोका जड होता. आणि वजन अनोळखी नव्हतं. तासाभरापूर्वी ज्या वजनाने चौथ्या मजल्यापर्यंत त्याच्या दंडाला रग लागली होती… तेच. अगदी तेच. झोपलेलं माणूस उचलताना भार एका अंगाला कलतो, तसा आतला भार कलला होता.

त्याने पुठ्ठ्यावर तळवा ठेवला. पुठ्ठा ऊबदार होता.

चष्मेवाल्याने खिशातून फोन काढला. बायकोने उचलला, हळू आवाजात म्हणाली, सापडला का?

“बारकी कुठाय?”

झोपलीये, म्हणाली. समोरच आहे माझ्या.

“हात लावून बघ.”

असं काय करताय, म्हणाली. मग उठल्याचा आवाज आला. पावलं. मग काही नाही… तो ऐकत राहिला. बायको पोरीला हाक मारत होती. आधी हळू. मग मोठ्याने. मग फोन जवळ आला.

“अहो, अंग गार लागतंय हिचं. उठत नाहीये… डोळे उघडत नाहीये.”

फोन त्याच्या हातातून सुटला. चष्मेवाला सुतळीवर तुटून पडला. नखांनी, दातांनी. ती गाठ आयुष्यभर गाठी मारलेल्या हाताची होती. ओढली की आणखी आवळायची. पुठ्ठ्याच्या आत कोणीतरी संथ श्वास घेत होतं. पोरीला सर्दी असली की नाकात बारीक शीळ वाजायची. ती शीळ आतून येत होती…

त्याने खोक्याचा कोपरा धरला आणि फाडायला जोर लावला. तेवढ्यात पाठीमागून, पलंगाचं डोकं असायचं त्या भिंतीकडून, आवाज आला. रागाचा नव्हता. आई रोज बोलायची तसाच. थकलेला, जरा घोगरा.

“तुझ्या खोक्याला मी हात लावला का?”

त्याचे हात तिथल्या तिथे थांबले.

तो वळला नाही. मला म्हणाला, शेठ, वळायचं मनात आलं होतं, पण मान ऐकेना. जमिनीवर फोन पडलेला. त्यातून बायकोच्या हाका येत होत्या. बाळा, ऊठ. बाळा, बघ माझ्याकडे. आणि एकेका हाकेगणिक आतला श्वास लांबत होता.

काय बोलणार होता तो? ही वस्तू तुझी नाही, म्हणणार? म्हातारीने दोन वर्षं पोर कुशीत घेतलं होतं. तिला आता काही लागत नाही, म्हणणार? ते तर एकदा म्हणून झालं होतं. नियम त्यांचाच. खोका पोरीनेच दिलेला. आणि सांगितलंही होतं पोरीनेच, काय ठेवायचं ते.

कसाबसा आवाज फुटला.

“आई, लहान आहे गं ती. मोठी तरी होऊ दे… मोठी झाली की मग…”

पुढचं त्याने गिळलं.

खोलीत काही हललं नाही. गल्लीतला टीव्हीसुद्धा बंद झाला होता.

मग मागून एकच शब्द आला.

“बरं.”

सुतळी सैल पडली. कोणी सोडली नाही, आपणच पडली. खोका एका बाजूने चेपला, रिकामा खोका चेपतो तसा. आणि फोनमधून पोरीचं रडं ऐकू आलं. पाणी मागत होती.

तो धावत सुटला. दाराला कुलूप लावलं नाही, बत्ती मालवली नाही. पुलावर स्कूटर दोनदा घसरता घसरता वाचली. घरी पोचला तर बारकी आईच्या मांडीवर बसून ग्लासभर पाणी पीत होती, आणि बाबाला एवढा घाम कशाने आलाय म्हणून विचारत होती.

सकाळी उजाडायच्या आत तो माझ्या दारात. म्हणाला, आईचं सगळं सामान परत दे. मी धंद्यात इतकी वर्षं काढली, पण विकलेलं परत न्यायला आलेल्या माणसाचा असा चेहरा बघितला नव्हता. सौद्याचं बोलणं काढलंच नाही. आम्ही दोघांनी टेंपो भरला. पलंग, पेटी, पांघरुणं, सगळं चौथ्या मजल्यावर चढवलं. दोन खोल्यांत तो पलंग कसा बसला, त्याचं त्यालाच ठाऊक. जिने अर्धं जग घराबाहेर काढलं होतं, ती वहिनी भिंतीला टेकून उभी होती. मग पलंगावर तिने स्वतःच्या हाताने चादर घातली.

वाटेत त्याने मला सगळं सांगितलं होतं. मी त्याची समजूत घालत होतो. घर सोडताना मन हळवं होतं, म्हणालो, दगदगीत माणसाला नाही ते भास होतात. पोरगी तर ठणठणीत आहे. तोही मान हलवत होता, हो म्हणत होता.

पलंग आतल्या खोलीत नेताना दाराच्या चौकटीत अडकला. तिरका करायला म्हणून तो खाली वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

चौकट कोरी होती. आठवड्यापूर्वी पांढरा रंग दिलेला, जवळ गेलं तर अजून वास येत होता. त्या पांढऱ्या रंगावर पेन्सिलीची एक रेघ होती. अंगठ्याएवढी, आडवी, शेवटी किंचित वर वळवलेली. मी म्हणालो, सुताराची खूण असेल. तो म्हणाला, सुतार खूण करतो ती रंगाच्या आधी. मग सावकाश म्हणाला, आई मला लहानपणी दर वाढदिवसाला दाराशी उभं करायची. डोक्यावर तळवा टेकवायची आणि पेन्सिलीने रेघ मारायची. शेवटी अशीच वळवायची.

मी रेघ नीट बघितली. बारकी तेव्हा माझ्या कमरेला लागत होती. रेघ तिच्या डोक्याच्या बरीच वर होती. वहिनीच्या खांद्याच्याही वर… कानाच्या पाळीशी.

मी व्यापारी माणूस आहे. मुदत मागताना ती किती, हे आपण बोलून घ्यायचं असतं. तो ते बोलला नव्हता, मग ती समोरच्याने ठरवली.

रंग दोनदा दिला. चौकट तासून काढली, मग चौकटच बदलली. रेघ तिथेच येते. दुसरं घर बघितलं, त्या घरात पाऊल ठेवायच्या आधी त्याने चौकट बघितली आणि सौदा मोडून परत आला. का, ते मी विचारलं नाही.

या गोष्टीला आता सहा वर्षं होतील. बारकीला कोणी बारकी म्हणत नाही, अंगाने चांगली थोराड झाली. नातेवाईक आले की कौतुक करतात, काय उंच झालीये पोरगी, आणि आई उठून आत जाते. त्या दारातून पोरगी आत-बाहेर करते तेव्हा दोघंही बोलता बोलता थांबतात. तिला यातलं काही सांगितलेलं नाही.

परवा काम होतं म्हणून गेलो होतो. मला बघून पोरगी हसली, चौकटीला पाठ टेकवून उभी राहिली आणि काका कसे आहात म्हणाली.

चष्मेवाल्याने तिला घाईघाईने बाजूला ओढलं. पण तेवढ्यात मला दिसायचं ते दिसलं.

दोन बोटं उरलीत.