कोनाड्यातली सुपारी

दगडधानोऱ्याच्या आठशे वर्षांच्या इतिहासात चोरीची एकही घटना घडलेली नाही. वेशीवरच्या निळ्या पाटीवर तसं पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं. फौजदार वैष्णवीनं पाटी शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "पाटी जुनी अन् खांब नवा कसा?"

"जुना चोरीला गेला," हवालदार भागवत म्हणाला.

सकाळीच ठाण्यात फोन आला होता. बारवेतला गणपती गायब होता. एरवी गावातल्या पाण्याच्या मोटारी जातात, शेळ्या जातात, पण त्यांना कुणी वारसा म्हणत नाही. गणपतीला म्हणत होते, आणि आज तो बघायला थेट पोर्तुगालहून बाई येणार होती.

त्याचं असं झालं होतं. सरपंच रामकिशन मागं शेतकऱ्यांच्या अभ्यास दौऱ्यातून पोर्तुगालला जाऊन आला. दौरा जैतुनाची झाडं पाहण्याचा होता. झाडं त्याला आठवत नव्हती. एक खेडं आठवत होतं. हत्तीएवढ्या धोंड्यांखाली बांधलेली घरं, गावाची सामायिक भट्टी, डोंगरावर पडका किल्ला, आणि हे सगळं पाहायला तिकीट काढून येणारी माणसं. "धोंडे तर आपल्याकडं बी हायेत," असं तो तिथंच म्हणाला म्हणतात. परत आला आणि त्यानं गावात वारसा मार्ग काढला. त्यात बारव होती, वेशीतले वीरगळ होते, निजामाच्या काळातली चावडी होती. त्या खेड्याच्या पर्यटन समितीतल्या इनेशबाई आता तो मार्ग पाहायला निघाल्या होत्या. नांदेडहून वारंगा फाटा, हिंगोली, गोरेगाव आणि मग इथं.

वेशीपासून बारवेपर्यंतचा रस्ता नवा होता. काळा, भुसभुशीत. वैष्णवीचे बूट रुतत होते.

"उन्हाळ्यात बारवेतला गाळ जेसीबीनं उपसला," रामकिशन चालता चालता सांगत होता. "तोच इथं भरावाला टाकला. बारव बी साफ, रस्ता बी झाला. मॅडम, जरा बिगीनं चला. पाहुणी निघाली तिकडून."

बारवेच्या लोखंडी जाळीला कुलूप होतं, शाबूत.

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या घरी खुंटीला. ती हाय जागेवर, सकाळी बघितली. दुसरी शिवशंकर गुरवाच्या करदोड्याला. म्हंजे कोण राहिलं ते बघा तुमीच."

पायऱ्या उतरून ते कोनाड्यापाशी आले. खाली पाटी होती : श्रीगणेश, काळा पाषाण, बारावे शतक. पण कोनाडा अगदीच रिकामा नव्हता. विड्याच्या पानावर एक सुपारी ठेवली होती. तिच्यावर ताजं हळदकुंकू होतं.

"चोर भाविक दिसतो," भागवत म्हणाला.

"मूर्ती केवढी होती?"

"हातभर."

"भरीव?"

रामकिशनला प्रश्न आवडला नाही. "आठशे वर्सांचा देव हाय, मॅडम. पोकळ असंल का?"

शिवशंकरला चावडीत कोंडलं होतं. चावडीचं आता संग्रहालय झालं होतं. मधोमध काचेची पेटी, आत चांदीचे टाक, रांगणारा बाळकृष्ण, पितळी अन्नपूर्णा. चिठ्ठी : पारंपरिक कुटुंबातील देव, अठरावे शतक.

"हे कुणाचे?"

"आमच्याच देवघरातले. दुसरं कोणी देईना." पेटीची किल्ली रामकिशनच्या खिशात खुळखुळली.

पेटीला पाठ लावून गुरव पुरणपोळी खात होता.

"आरोपीला पुरणपोळी?" वैष्णवीनं विचारलं.

"सरपंचीणबाईनं धाडली," शिवशंकर म्हणाला. "सकाळपासून चहा बी येऊन राहिला. माझ्या लग्नात एवढी सरबराई झाली न्हवती."

"गणपती कुठाय?"

"म्हाईत न्हाई."

"तुमचा या वारसा मार्गाला विरोध होता म्हणे."

"हाय. देव काय सर्कशीतला वाघ हाय, लोकं आणून दाखवायला?"

"मग रागानं उचलला असेल."

"त्याला रोज मीच धुतो, मॅडम. त्याला कोण चोरील?"

"म्हणजे?"

शिवशंकरनं घास चावायला घेतला. तो पुरता गिळेपर्यंत त्याला बोलायचं नव्हतं आणि गिळल्यावरही तो बोलला नाही.

"बघा, गप बसला," रामकिशन म्हणाला. "न्या त्याला. पाहुणी यायच्या आत जीपमधी घाला. तिला सांगता येईल, चोरी झाली अन् चोर बी धरला."

आता शिवशंकरनं ताट बाजूला सारलं. "जीपमधी बसलो की पूजा दुसऱ्याच्या घरात गेली. मागून निर्दोष सुटलो काय अन् न सुटलो काय. माझ्या पोराला मग देवळात कोण उभं करील?"

रामकिशनचा फोन वाजला. पाहुणीनं हिंगोली सोडली होती. त्यानं टोपी काढली, झटकली, परत घातली.

"तुमचं घर बघते," वैष्णवी म्हणाली.

"माझं? काहून?"

"खुंटी बघायची आहे."

खुंटीला किल्ली होती. खाली चुलीपाशी रामकिशनची बायको नर्मदाबाई पुरण वाटत होती. तिनं लगबगीनं पाट मांडला, पाण्यासाठी हंडा हलवला आणि हंडा रिकामा निघाला. ती तांब्या घेऊन शेजारी निघाली.

"कशाला जाता, मावशी? ते घंगाळ भरलेलं आहे की." वैष्णवीनं देवघराकडं बोट केलं. तिथं तांब्याचं मोठं घंगाळ होतं, त्यावर परात उपडी घातली होती. परातीवर दूर्वा आणि जास्वंदीचं फूल होतं. देवघरात दुसरं काही नव्हतं.

"ते प्यायचं न्हाई," नर्मदाबाई म्हणाली आणि जवळजवळ पळत गेली.

पाणी आलं. वैष्णवी प्यायली.

"शिवशंकरला आता घेऊन जाते."

नर्मदाबाईचा पाट्यावरचा हात थांबला. "पाहुणीला येऊ द्या की आधी."

"ती आल्यावर काय होईल?"

"समदं बराबर व्हईल."

रामकिशन दारातून ओरडला, गाडी गोरेगावच्या पुढं आली. वैष्णवी ओसरीवर येऊन बाजेवर बसली आणि तिनं बूट काढले.

"मॅडम, बसून काय राहिले?"

"पाहुणीची वाट बघते."

"अन् चोर?"

"तोही वाट बघतोय."

रामकिशननं कुणाकुणाला फोन लावले. त्यातले दोघं म्हणाले, बघतो. एकानं उचललाच नाही. तो ओसरीवरून वेशीकडं गेला, वेशीवरून चावडीकडं गेला, परत आला, आणि तेवढ्यात रस्त्यावर इंजिनाचा मोठा आवाज झाला. चाकं जागेवरच फिरत होती. गावानं गाडी ढकलली. गाडी आणखी रुतली. शेवटी इनेशबाई खाली उतरल्या आणि घोट्यापर्यंत काळा चिखल घेऊन चालत सरपंचाच्या अंगणात आल्या. हार घातला गेला. वैष्णवीनं भागवतला पाठवून शिवशंकरलाही तिथं आणवलं.

मग ती चुलीकडं वळली.

"मावशी, पाहुणी आली. आता काढा देवाला बाहेर."

नर्मदाबाईनं पदर सावरला, परात उचलली आणि हात पाण्यात घातला.

"कुलूप फुटलं नव्हतं," वैष्णवी रामकिशनला म्हणाली. "किल्ल्या दोन. तुम्ही एकच मोजली. कोनाड्यात सुपारी मांडलेली. चोर कशाला मांडेल? देवाची जागा सुनी राहू नये, त्याला परत आणून बसवायचं आहे, असं ज्याच्या मनात आहे तोच सुपारी मांडतो. मग पुरणपोळी. ज्यानं देव चोरला म्हणून गाव चिडलंय, त्याला सरपंचाच्या घरून पाहुणीच्या आधी ताट जातं. म्हणजे ताट पाठवणाऱ्याला माहीत आहे की हा चोर नाही."

"पण हिनं काहून करावं असं?"

"देव पाण्यात ठेवले होते त्यांनी. काम होईपर्यंत ठेवतात तसे. घरचे ठेवले असते, पण ते तुम्ही काचेत घातले. किल्ली तुमच्या खिशात."

"काय मागितलंस?" रामकिशननं बायकोला विचारलं.

"तुमचंच," नर्मदाबाई म्हणाली. "महिना झाला, तुमी झोपून न्हाई राहिले. म्हणलं पाहुणी सुखरूप येऊ दे, कार्यक्रम नीट होऊ दे. पेटीची किल्ली मागितली असती तर म्हणले असते, प्रदर्शन बिघडतं. म्हणून बारवेतला आणला. अन् एकदा पाण्यात ठेवल्यावर मधीच कसा काढू? फुकट गेलं असतं समदं."

"अन् मी, वयनी?" शिवशंकरनं विचारलं.

"चुकलं रे भाऊ. पोळ्या धाडल्या की."

वैष्णवीनं इंग्रजीत पाहुणीला थोडक्यात सांगितलं. इनेशबाई उन्हानं आणि चिखलानं वैतागलेल्या होत्या, त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, त्यांच्या खेड्यात मुली संत अंतोनींच्या मूर्तीला दोरीनं उलटं बांधून विहिरीत सोडतात, लग्न जमेपर्यंत.

"उलटं?" नर्मदाबाई कळवळली. "अन् जमतं का?"

"कधी कधी," वैष्णवीनं उत्तर आणलं.

"इथं बी तसंच हाय म्हणा."

पाहुणीनं घंगाळाचे फोटो काढायला सुरुवात केली. वेशीतल्या वीरगळांजवळून आली, तेव्हा तिनं फोन काढला नव्हता.

"एक मात्र उरलं," वैष्णवी म्हणाली. "मावशी, हातभर काळा पाषाण बारवेच्या पायऱ्यांवरून एकटीनं कसा आणला?"

"कडेवर. लई हलका हाय." नर्मदाबाईनं गणपती पाण्यातून उचलून पाटावर ठेवला. तिचे हात काळे झाले होते. गणपतीचं पोट राखाडी दिसत होतं.

सगळ्यांनी गुरवाकडं पाहिलं.

"सिमेंटचा हाय," शिवशंकर म्हणाला. "आतून पोकळ. माझ्या बापानं हिंगोलीच्या बाजारातून आणलेला."

"मग बोलला का नाहीस सकाळपासून?" भागवतनं विचारलं.

"काय बोलू? सिमेंटचा म्हणलो असतो तर तुमी म्हणले असते, खरा विकला अन् खोटा बसवला. पाटी लावताना सांगाया गेलो होतो. सरपंच म्हणले, तुझा विरोधच असतो."

"अन् खरा? आठशे वर्सांचा?" रामकिशनचा आवाज चढला.

"त्याची सोंड तुटली होती. खंडित देव पुजत न्हाईत. बापानं रीतीपरमाणं बारवेच्या पाण्यात सोडला."

रामकिशनच्या चेहऱ्यावर उजेड आला. "म्हंजे बारवेतच हाय."

भागवत वेशीकडं बघत होता. बारवेतला गाळ उन्हाळ्यातच उपसून झाला होता, आणि पाहुणीची गाडी त्यात मागच्या चाकांपर्यंत रुतून उभी होती.