उंबऱ्यापासून खाली

मघापासून बघतेयस ना, खुर्च्या रिकाम्या असताना मी या लोखंडी पेटीवर का बसलेय ते? सांगते. उद्यापासून तू माझ्याबरोबर खणायला उतरणार आहेस, तेव्हा तुला माहीत असलेलं बरं.

काम साधं होतं. संगणकावरचा एक जुना खेळ बंद होणार होता. हजारो लोक एकत्र खेळायचे तसला: जमीन खणायची, दगड काढायचे, घरं बांधायची. खेळणारे कंटाळून निघून गेले आणि त्यांनी बांधलेली गावं ओस पडली. रविवारी संध्याकाळी पाचला ते सगळं कायमचं पुसलं जाणार होतं. त्याआधी, एखाद्या पडक्या शहराची करतात तशी त्याची नोंद व्हावी, असं आपल्या पुरातत्त्व विभागाच्या मनात आलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. वीस वर्षं खरी माती उपसलेली बाई मी. मनातल्या मनात हसलेच होते.

तरी हो म्हटलं, ते भुंग्यासाठी. माझा धाकटा भाऊ. खेळताना सारखा गुणगुणायचा म्हणून भुंग्या. या खेळात त्याने सात वर्षं काढली. मी पडद्यासमोरून गेले की मान वर न करता म्हणायचा, "ताई, जरा बाजूला हो." शेवटी शेवटी आमच्यात तेवढंच बोलणं उरलं होतं. आजारपणात तर अंथरुणावरूनही खेळायचा. एकदा म्हणाला, "ताई, आत येऊन बघ ना एकदा. तुझ्यासाठी खणतोय काहीतरी."

मी म्हटलं, "खोट्या मातीत हात घालायला मला वेळ नाही."

महिन्याभरात तो गेला. त्याला माती देऊन चार वर्षं झाली होती, पण ते वाक्य काही केल्या विसरता येत नव्हतं. त्याने माझ्यासाठी काय खणलं होतं, तेवढं मला पाचच्या आत बघायचं होतं.

कंपनीची यंत्रं एक वयस्कर गृहस्थ सांभाळायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. खोलीला खिडकी नव्हती. पंख्यांची एकसुरी घरघर आणि तापलेल्या धुळीचा वास. बाहेर लख्ख दुपार होती, पण आत बसल्यावर ते विसरायला व्हायचं.

"तीन वर्षांत कुत्रंसुद्धा फिरकलेलं नाही इथे," मास्तर म्हणाले. "बघा, काही आवडलं तर घेऊन जा."

खेळात एक सोय होती. जिथे कोणाचा वावर नाही तिथे दर महिन्याला धुळीचा एक थर चढायचा. आमच्या धंद्याला हे सोयीचं. थर मोजा, जागा कधीपासून रिकामी आहे ते कळतं. रस्त्यांवर छत्तीस-सदतीस थर होते. भुंग्याचं घर गावाच्या टोकाला सापडलं. दार उघडलं आणि मी आमच्याच स्वयंपाकघरात उभी होते. हेच, आपण बसलोय तेच. वाकडी फळी, नळाखालचा डाग, उंबऱ्याजवळची ही फुटकी फरशी, सगळं त्याने बांधून काढलं होतं.

जमिनीवर धूळ नव्हती. एक थरसुद्धा नाही.

उंबऱ्यात खिळा ठोकलेला होता. आपण खणण्याआधी एक शून्यबिंदू ठरवतो आणि प्रत्येक वस्तू त्याच्या किती खाली सापडली ते लिहितो, तसा त्याने उंबरा धरला होता. ती फुटकी फरशी उचलून बाजूला ठेवलेली आणि तिच्या जागी चर होता, दोरी लावून आखलेला, भिंती सरळसोट. हे त्याला मी कधी शिकवलं नव्हतं. माझीच पुस्तकं वाचून शिकला असणार, माझ्या नकळत. मी तिथे मास्तरांसमोर रडले.

चराच्या भिंतीला चिठ्ठ्या टोचलेल्या होत्या. तारीख, उंबऱ्यापासून किती खाली, आणि एक ओळ. 'ताईला दाखवायचं.' 'ताई सुट्टीत येईल.' मग एक तारीख आली, तो गेल्यानंतरच्या आठवड्यातली. 'ताई आली नाही.' त्याखाली पुढच्या महिन्याची. त्याखाली त्याच्या पुढची…

"मास्तर," मी म्हटलं, "हा खेळाडू शेवटचा कधी आला होता, बघता का?"

त्यांनी बराच वेळ शोधलं. "चार वर्षांपूर्वी आत आलाय. बाहेर पडल्याची नोंद… नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बाई… आतच आहे." ते उठून दाराशी जाऊन उभे राहिले. "बंद करा आता. मला हे ठीक दिसत नाही."

घड्याळात पावणेचार झाले होते. तेवढ्यात पंख्यांच्या घरघरीखालून मला ऐकू आलं. चराच्या तळातून. गुणगुणणं.

इथे मी चुकले. सरळ खाली उडी टाकायला हवी होती. पण आपला नियम तुला माहीत आहे, नोंद झाल्याशिवाय पुढच्या थराला हात लावायचा नाही. मी एकेका चिठ्ठीचा फोटो काढत उतरले. अंतर तपासलं, क्रमांक टाकला. पन्नासच्या वर चिठ्ठ्या. सवयीने हात थांबेना, की तळाशी पोहोचायची भीती वाटत होती? खरं सांगायचं तर दोन्ही.

तळ नऊ मीटरवर होता. मी पोहोचले तेव्हा पाचाला एक मिनिट कमी होतं. कोणीतरी पाठमोरं बसून खणत होतं.

मी लिहिलं, 'भुंग्या, आले मी.'

गुणगुणणं थांबलं. तो वळायला लागला… आणि पडदा काळा झाला. पाच वाजले होते.

ती यंत्रं मोडीत गेली. मास्तरांनी डोळ्यांदेखत त्यांचे भाग सुटे करवले, मुद्दाम फोन करून सांगितलं. आणि महिन्याभराने माझ्या फोटोंमध्ये एक नवा फोटो आला. पूर्ण काळा, कोपऱ्यात चिठ्ठी. 'खाली ८ मीटर. दिवे गेले, ताई. वर येतोय.' पुढच्या महिन्यात सहा. मग साडेतीन. मी ते पुसायची, ते परत यायचे.

गेल्या महिन्यातला काळा नव्हता. अंधारात उजेडाच्या बारीक रेषा होत्या, चौकोनी, खालून फरशीच्या सांधी दिसाव्यात तशा. आणि मधोमध दोन तळवे. उजव्या चपलेची टाच झिजून तिरकी झालेली. ही बघ, ही. अंतर दहा सेंटिमीटर. खाली लिहिलं होतं, 'ताई, जरा बाजूला हो.'

त्याच दिवशी मी पेटी ओढून त्या फरशीवर ठेवली.

भाऊच आहे ना तुमचा, असं म्हणशील. आहे. पण इतकी वर्षं मातीखाली राहिल्यावर काय उरतं, ते तुझ्यामाझ्याइतकं कोणाला ठाऊक? त्याने आत बोलावलं तेव्हा मी नाही म्हटलं. आता तो बाहेर येतोय तर पुन्हा नाहीच म्हणतेय. मला माझी शिसारी येते. पण उठवत नाही.

आज सकाळी पुन्हा चिठ्ठी आली. ओळ काहीच नाही, नुसतं अंतर. आणि पहिल्यांदाच 'खाली'च्या जागी 'वर' लिहिलंय. उंबऱ्यापासून वर, चाळीस सेंटिमीटर.

या पेटीची उंची पंचेचाळीस आहे.