नावं गेलेल्या फाईली

नळदुर्गच्या स्टँडसमोर श्रावस्ती बसमधून उतरली आणि नुसतं ऊन टाळायला म्हणून एका दुकानाच्या पत्र्याखाली उभी राहिली. शनिवारची सकाळची शाळा, डोळ्यांत झोप, खांद्यावर बंद पडलेला लॅपटॉप... आणि जिथं तो दाखवायचा होता, ते पलीकडचं दुकान नेमकं बंद. हायवेवरून ट्रकमागून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रक तिच्या अंगावर थोडी धूळ टाकून जात होता.

"आत या की मॅडम. धूळच खायची तर पंख्याखाली बसून खा."

तिनं वळून बघितलं. टेबलामागं एक तरुण बसला होता. डोळे जागरणानं लाल, खिशात स्क्रू-ड्रायव्हर.

"तुम्ही लॅपटॉप दुरुस्त करता?"

"पाटीवर तरी तसंच लिहिलंय."

पाटीवर 'प्रसेनजित कॉम्प्युटर रिपेअरिंग' असं लिहिलं होतं. तिला हसायचं त्राण नव्हतं, तरी ओठ हललेच.

"बसच्या रॅकवरून पडला," ती खुर्चीत बसत म्हणाली. "लॅपटॉप गेला तर जाऊ दे. आतल्या फाईली तेवढ्या पाहिजेत."

"लग्नाचे फोटो?"

"मुलांचे आवाज."

त्यानं खुर्ची पुढं ओढली. मग तिनं सांगितलं. ती दुसरीच्या वर्गाला शिकवायची. जूनमध्ये एकेका मुलाला वाचायला लावून तिनं मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं. मोबाईल भरला म्हणून सगळं लॅपटॉपमध्ये टाकलं आणि मोबाईलमधलं पुसून टाकलं.

"वर्गात लक्ष्मम्मा म्हणून एक मुलगी आहे. घरी कानडी बोलतात. तिचे वडील, सिद्रामप्पा, सोमवारी ऊसतोडीला निघालेत. तिलाही नेणार. म्हणतात, चार महिन्यांत पोरगी काय शिकली? तिकडं आली तर धाकट्याला तरी सांभाळील." तिचा आवाज खाली आला. "आज ती चांगलं वाचते हो. पण जूनमध्ये तिला काय येत होतं, ते त्यांनी ऐकलेलंच नाही. मग किती पुढं आली, ते त्यांना कळणार कसं?"

प्रसेनजितनं यावर चेष्टा केली नाही. लॅपटॉप पालथा घातला आणि स्क्रू काढायला लागला.

थोड्या वेळानं त्यानं आतली डिस्क काढून स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली. "लॅपटॉप मेलाय. डिस्क जिवंत हाय, पण मार बसलाय तिला. घाई केली की गेलीच. तिच्या कलानं वाचू द्यावं लागतं."

"मुलांसारखंच," ती पुटपुटली.

"काय म्हणला?"

"काही नाही..."

दुपार रेंगाळत सरत होती. समोरच्या ढाब्यावरून चहा आला. दोघंही पडद्यावरच्या निळ्या पट्टीकडं बघत बसले.

"तुम्हीही दमलेले दिसता," ती म्हणाली.

"पहाटं आईला दवाखान्यात नेऊन आलो, सोलापूरला. बसमदी डोळा लागला असता तर पुढं उमरग्यालाच पोचलो असतो."

या वेळी ती खरंच हसली. आणि त्याला उगीचच वाटलं, पट्टी आणखी थोडी सावकाश सरकली तरी चालंल.

पट्टी संपली. "आल्या!" तो म्हणाला आणि पडद्यावर वाकला. "पण... नावं गेलीत. तारखाबी. नुसते आकडे हायेत."

श्रावस्तीनं कपाळ धरलं. प्रत्येक फाईलीला तिनं मुलाचं नाव दिलं होतं. त्यात गाणी होती, कविता होत्या, वर्गाचा गोंधळ होता. आता सगळ्या फाईली सारख्याच दिसत होत्या.

"म्हणजे एकेक ऐकायचं?"

"ऐकू की. दुसरं काय काम हाय?"

दुसरं काम होतं. टेबलावर दोन प्रिंटर उघडे पडले होते. त्यानं ते बाजूला सारले.

तिसऱ्या फाईलीला तिचं डोकं भिंतीला टेकलं. चौथी तिनं ऐकलीच नाही. प्रसेनजितनं कानाला हेडफोन लावला, पंखा तिच्याकडं वळवला आणि पुढची फाईल उघडली.

ती जागी झाली तेव्हा ट्रकचे दिवे लागले होते. ओशाळून तिनं ओढणी सावरली आणि पडद्याकडं बघितलं. आकडे गेले होते. त्यांच्या जागी नावं होती.

'मधेच पाणी मागणारी.' 'शेळी ओरडली की थांबणारा.' 'पान उलटायच्या आधीच पुढचं म्हणणारा.'

"अहो, ही राजनंदिनी! आणि शेळीवाला लिंबाजी, खिडकीशी बसतो..." हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही हे सगळं ऐकलंत?"

"नावं म्हाईत न्हवती. मग जसं ऐकू आलं तसं लिहिलं."

तिचं बोट एका ओळीवर थांबलं. 'अडते, पण सोडत नाही.'

तिनं ती फाईल लावली. लक्ष्मम्माचा बारीक आवाज आला. "क... म..." मग शांतता. मग श्रावस्तीचाच आवाज, "थांबू नको गं. पुन्हा म्हण." पुन्हा शांतता. "पुन्हा म्हण."

"लई येळा म्हणता तुम्ही ते," प्रसेनजित हळूच म्हणाला. "एकदाबी चिडला न्हाय. मला कुणी असं म्हणलं असतं, तर चेष्टा सोडून दुसरं काही बोलायला शिकलो असतो."

त्यानं सगळ्या फाईली पेनड्राईव्हवर घालून तिच्या हातात दिल्या. मग तिची बस आली.

सोमवारी सिद्रामप्पा वर्गाच्या दारात उभा राहिला. बाहेर ट्रॅक्टरवर सामान चढत होतं. श्रावस्तीनं जूनमधला आवाज ऐकवला. मग लक्ष्मम्मा उभी राहिली आणि तिनं अख्खा धडा वाचून दाखवला. दोनदा अडली, पण सोडलं नाही.

"ते पयलं परत लावा बाई," सिद्रामप्पा म्हणाला.

ऐकून झाल्यावर त्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "आत्याकडं ऱ्हा. आमी येईपतोर पुस्तक संपव."

संध्याकाळी श्रावस्ती दुकानात आली तेव्हा प्रसेनजित उठून उभाच राहिला. "ऱ्हायली?"

"राहिली."

तो एकदम खाली बसला, जणू तोच दिवसभर त्या दारात उभा होता.

"आता इथं यायला काही कारण उरलं नाही..." ती म्हणाली. पण दारातून हलली नाही. "माझा नुसता आवाज ऐकला असता, तर काय नाव दिलं असतं हो?"

"दमलेली," तो म्हणाला. "पण..."

"पण?"

"मॅडम... म्हणजे, श्रावस्ती... बस तर रोज इथंच थांबती... तर मला..." एक ट्रक धडधडत गेला आणि पुढचे शब्द त्यातच गेले. त्यानं मान खाली घालून उगीचच स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

तिनं खुर्ची ओढली. त्याच्या समोर बसली, अगदी वर्गात बसावं तशी, कसलीच घाई नसल्यासारखी.

"थांबू नका," ती म्हणाली. "पुन्हा म्हणा."